निरोपाचा दिवाणखाना

‘सध्या काय चाललंय कामाचं?’ आईने फोनवर विचारलं.

‘फ्युनरल होम करतेय.’

‘म्हणजे स्मशान?’

‘स्मशान नाही गं. तिथे जाळत नाहीत. नुसतं... ठेवतात. लोक येतात, बसतात, दर्शन घेतात, गुरुजी विधी करतात. मग तिथून पुढे नेतात.’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, ‘आणि त्याला इंटिरिअर कशाला लागतं?’

प्रश्न अगदी चोख होता. पुढचे आठ महिने मी त्याचंच उत्तर शोधत होते.

मी इंटिरिअर डिझायनर. शिकले पुण्यात, नोकरी न्यू जर्सीत. आमची फर्म छोटी. डेंटल क्लिनिक्स, एखादं जिम, कधीतरी कॅफे असली कामं. डेंटल क्लिनिकमध्ये माझा हात बसलेला, कारण घाबरलेल्या माणसाला खुर्चीत कसं बसवायचं एवढाच तिथे प्रश्न असतो. २०२२ च्या मार्चमध्ये बॉसने एक जुना प्लॅन माझ्या टेबलवर टाकला. एडिसनपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं फ्युनरल होम. मालकांची तिसरी पिढी. ‘त्यांच्याकडे आता बरीच भारतीय कुटुंबं येतात. तू इंडियन आहेस, तुला कळेल त्यांना काय हवंय ते.’

मी मान डोलावली. खरं सांगू? मी आयुष्यात एकदाही स्मशानात गेले नव्हते. आमच्या घरातल्या बायका जायच्याच नाहीत. आजोबा गेले तेव्हा आम्ही दारापर्यंत गेलो आणि परत आत येऊन अंघोळीच्या रांगेत उभ्या राहिलो. आता बऱ्याच मुली जातात, अग्नीही देतात, पण आमच्याकडे तोवर तसं झालं नव्हतं. तर अशी ही एक्स्पर्ट!

पहिली भेट विसरणं शक्य नाही. बाहेरून झकास. पांढऱ्या खांबांचं जुनं लाकडी घर, पुढे व्हरांडा, हिरवळ. ‘सिक्स फीट अंडर’ ही २००१ ते २००५ मध्ये चाललेली सीरियल ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. खाली धंदा, वर कुटुंब. आमचे मालकही वरच्याच मजल्यावर लहानाचे मोठे झालेले. ‘लहानपणी आम्हाला घरात पळायची बंदी होती,’ ते म्हणाले, ‘खाली लोक असायचे.’

आत मात्र... मरून रंगाचं जाड कार्पेट. मखमली पडदे. सोनेरी फ्रेममध्ये समुद्राची चित्रं. प्लॅस्टिकची फुलं. लिलीचा गोडसर वास, आणि दर चार फुटांवर टिश्यूचा डबा. बसल्या जागी रडू येत नसेल तर यावं, अशी सगळी व्यवस्था! शवपेटीच्या दोन्ही बाजूंना उंच दिवे आणि त्यांचा उजेड गुलाबी. मला वाटलं, हौस म्हणून असेल. पण नाही. गोऱ्या कातडीवर गुलाबी उजेड पडला की चेहरा जिवंत, टवटवीत वाटतो. या धंद्यातली ही जुनी युक्ती.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हे घर कळत नाही. पूर्वी अमेरिकेतही माणूस गेला की त्याला घरच्याच ‘पार्लर’मध्ये, म्हणजे दिवाणखान्यात ठेवायचे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांचे देह लांबवरून घरी पाठवायची वेळ आली आणि देह टिकवण्याची, म्हणजे एम्बामिंगची, पद्धत वाढली. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला. वाटेत शहरोशहरी लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं आणि ही पद्धत घरोघरी माहीत झाली. पुढे घरं लहान होत गेली, माणसं हॉस्पिटलात जायला लागली, आणि दिवाणखाना घरातून उठून धंद्याच्या जागेत गेला. म्हणूनच त्याचं नाव ‘फ्युनरल पार्लर’, ‘फ्युनरल होम’. गंमत म्हणजे हा धंदा करणारे बरेच जण मूळचे फर्निचरवाले. शवपेट्या तेच बनवायचे ना! म्हणजे आमच्याच लाइनीतले.

तेव्हा तो मरून दिवाणखाना कुणाच्या तरी आजीच्या घरासारखा होता. फक्त ती आजी आपली नव्हती.

मग मी माणसं शोधली. एक गुरुजी भेटले. सोमवार ते शुक्रवार औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल, शनिवार-रविवार सत्यनारायण, वास्तुशांत, आणि फोन आला तर हेही. दुसऱ्या, मंडळातल्या एक काकू. साठी ओलांडलेल्या. कुणाकडे असं काही झालं की पहिला फोन त्यांना जातो. कागदपत्रं, गुरुजी, डबे, विमानतळावरून माणसं आणणं, सगळं त्या बघतात. मी वही काढून बसले. काकूंनी पहिलंच वाक्य टाकलं, ‘आधी ती पेटी भिंतीपासून पुढे ओढ.’

कळलंच नाही मला. मग त्यांनी डायनिंग टेबलभोवती फिरून दाखवलं. प्रदक्षिणा! अमेरिकन पद्धतीत पेटी भिंतीला टेकवून असते, लोक समोरून येतात, दोन मिनिटं उभं राहतात आणि बाजूला होतात. आपल्याकडे देहाच्या चारही बाजूंनी फिरायचं असतं. दरवेळी आपली माणसं पेटीच्या मागे आडवं होऊन, पडद्यात अडकत, दिव्याची वायर ओलांडत फिरायची. एकदा एक आजोबा पडता पडता वाचले म्हणे. आणि या घरात इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही की पेटी जरा पुढे घ्यावी. सांगायचं तरी कुणी? त्या दिवशी कोण भांडत बसतं?

यादी वाढत गेली. देहाला अंघोळ घालून नवे कपडे नेसवायचे, तर घरच्यांना आत येता येईल अशी, पाणी वाहून जाईल अशी खोली हवी. चपला काढायच्या, तर दारात शंभर जोड्यांचा ढीग पडतो, बर्फाच्या दिवसात तर चिखलच. तूप, तीळ, तांदूळ, गुलाल, फुलं सगळं कार्पेटवर सांडतं आणि मालक बिचारे तोंडाने ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत मनात कार्पेटचा खर्च मांडतात. निरांजन लावलं की स्मोक डिटेक्टर केकाटतो. गुरुजी म्हणाले, एकदा मंत्र चालू असताना फायर इंजिन आलं. सांगताना ते हसले. मी हसावं की नाही, कळेना.

बॉसने मला दरम्यान एक जाडजूड पुस्तक दिलं, स्टॉकहोमच्या स्कूगशिर्कोगोर्डेनवरचं. (नाव उच्चारायला मलाही आठवडा लागला.) पाईनच्या जंगलातली ही दफनभूमी गुन्नार आस्पलुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्झ या दोघा आर्किटेक्टांनी केली. १९१५ ची स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि तिथलं मोठं दहनगृह पुरं झालं १९४० मध्ये. त्याच वर्षी आस्पलुंड गेले आणि तिथेच विसावले. १९९४ मध्ये ‘युनेस्को’ने जागेला जागतिक वारसा म्हटलं. पण मला भावल्या त्या बारीक गोष्टी. तिथे एका टेकडीवर झाडांचं एक कोंडाळं आहे, नुसतं बसण्यासाठी. तिकडे जाणाऱ्या पायऱ्यांची उंची वर जाताना हळूहळू कमी होत जाते, म्हणजे दुःखाने आधीच दमलेला माणूस चढताना आणखी दमू नये. कुणाच्या लक्षातही येणार नाही असं डिझाइन! मुख्य चॅपेलची जमीन देहाच्या दिशेने किंचित उतरती आहे. चालावं लागत नाही, पाय आपोआप जातात.

बर्लिनच्या बाउमशुलेनवेगला आक्सेल शुल्टेस आणि शार्लोट फ्रांक यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी बांधलेलं दहनगृह आहे. मधल्या हॉलमध्ये २९ उंच खांब, आणि खांब छताला भिडतो तिथे छताला गोल भोक, त्यातून उजेड खाली येतो. लोक त्या खांबांच्या जंगलात घोळक्याने थांबतात किंवा एकटे एका खांबामागे उभे राहतात. ज्याला जसं हवं तसं. जपानमध्ये गिफू प्रांतात तोयो इतो यांचं २००६ मधलं दहनगृह तर नुसत्या एका पांढऱ्या, लाटेसारख्या छताखाली आहे, समोर तळं. जपानी लोकांना दहन होईपर्यंत तिथेच थांबायचं असतं, मग घरचे लोक चॉपस्टिक्सने अस्थी वेचतात. त्यामुळे वाट पाहण्याची खोली ही तिथे उरलीसुरली जागा नसतेच, ती मुख्य जागा असते. (हा विषय सिनेमातून गाठायचा असेल तर २००८ चा ‘डिपार्चर्स’ पाहा. ऑस्कर मिळालेला आहे. रुमाल घेऊन बसा.)

आपल्याकडे असं काही नाहीच असं नाही. सुरतेत तापीकाठी गुरजीत सिंग माथारू यांनी काँक्रीटचं अश्विनीकुमार स्मशानगृह केलं, त्याचे फोटो मी कॉलेजात पाहिले होते. वरळीत २०१५ मध्ये, दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी प्रार्थनागृह उभं राहिलं. पण एरवी आपण ही जागा पत्रा, ट्यूबलाइट आणि सिमेंटचा बाक यावर सोडून देतो. तिथे कशाला बसायचंय, या हिशेबाने.

आणि पत्र्याचं मला पक्कं माहीत आहे. का, ते सांगते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बाबा गेले. कोविड. मी इथे. गेले असते तरी वेळेत पोचले नसते, आणि व्हिसावर परत कधी येता आलं असतं कुणास ठाऊक. मे उजाडताच अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातलेच. आई घरात क्वारंटाइन. हॉस्पिटलातून देह परस्पर नेला. चुलतभाऊ, आमचा दादा, पीपीई किट घालून गेला आणि त्याने मला व्हिडिओ कॉल लावला. इथे पहाटेचे तीन, तिथे दुपारचे साडेबारा. दादाचा हात थरथरत होता, ग्लोव्हजमध्ये फोन सरकत होता. मला दिसलं ते छताचा पत्रा, त्याला लटकणारी ट्यूबलाइट, दादाचं कोपर. मग पुन्हा पत्रा. मग नेटवर्क गेलं. तेवढंच.

दादाची काही चूक नाही. त्याने जे केलं ते मी कधीच फेडू शकणार नाही. पण मला बाबा दिसले नाहीत.

त्यामुळे कामाच्या तिसऱ्या महिन्यात कॅमेऱ्याचा विषय निघाला तेव्हा मी जरा जास्तच चिडले. फ्युनरल होमने महासाथीत वेबकास्ट सुरू केलं होतं, आता ते कायमचं बसवायचं होतं. आयटीवाल्याने प्लॅनवर कॅमेरा दाखवला होता मागच्या कोपऱ्यात, छताला चिकटून. सीसीटीव्हीसारखा. ‘पूर्ण खोली कव्हर होते,’ तो म्हणाला. ‘पूर्ण खोली नकोय,’ मी म्हणाले, ‘पाठी नकोयत. चेहरा हवाय.’ आवाज चढला होता माझा. मीटिंग थांबली. मालकांनी कॉफी मागवली.

शेवटी कॅमेरा आला उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, डोक्याच्या बाजूला, डावीकडे. म्हणजे घरचा माणूस जिथे उभा राहील तिथे. एक माइक गुरुजींसाठी. आणि समोरच्या भिंतीवर लाकडी दारांमागे एक स्क्रीन, भारतातल्या मंडळींचे चेहरे इथे दिसावेत म्हणून. नको असेल तर दारं बंद. या एका कोपऱ्यावर मी जेवढे तास घातले तेवढे उरलेल्या इमारतीवर घातले नसतील. बॉसने बिलात ते दाखवले नाहीत.

बाकीचं सांगायला सोपं आहे. दर्शनाच्या खोलीतलं कार्पेट गेलं, मॅट फिनिशची मोठी, घसरणार नाहीत अशी टाइल आली. आवाज घुमू नये म्हणून छताला आणि दोन भिंतींना फेल्टचे पॅनल. चारही बाजूंना पाच फूट मोकळे, व्हीलचेअरसुद्धा प्रदक्षिणा घालू शकेल. कडेने रुंद, बुटके लाकडी बाक, कारण आपल्या बायका खुर्चीत ताठ बसून रडत नाहीत, एकमेकींना टेकून बसतात. फायर इन्स्पेक्टरशी दोन बैठका झाल्या, मग देहाच्या पायाशी एक काळा दगडी ओटा, वर एक्झॉस्ट. निरांजन आणि कापूर तिथेच. दारात चपलांचं कपाट आणि बसून बूट काढायला बाक.

रंगावर मात्र वाद झाला. मालकांना बेज हवा. मी पांढरा म्हणाले, आपला दुःखाचा रंग पांढराच ना! तर काकू म्हणाल्या, ‘पांढरा नको बाई. सगळे हॉस्पिटलातूनच येतात इथे.’ मग ताकासारखा, किंचित पिवळसर पांढरा आला. कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि तेच हवं होतं.

ते गुलाबी दिवे? एका संध्याकाळी मी स्वतः त्यांच्याखाली बसले आणि इलेक्ट्रिशियनला फोटो काढायला लावला. सावळ्या चेहऱ्यावर तो रंग तांबूस आणि विचित्र दिसतो. कुणाला वाटावं, हे आमचे नाहीतच. काढून टाकले. २७०० केल्विनचे, रंग खरे दाखवणारे साधे उबदार दिवे लावले, डिमरवर. चेहरा जसा होता तसा दिसतो.

एका ठिकाणी मी अर्धी हरले. आत शिरल्या शिरल्या डावीकडे शवपेट्यांची शोरूम होती. चकचकीत महॉगनी, आत सॅटिन, वर स्पॉटलाइट. नवऱ्याचा डेथ सर्टिफिकेटचा फॉर्म भरायला आलेली बाई आधी तिथून जाणार. मी म्हटलं, ही आत मागे न्या. मालक म्हणाले, माझं घर त्यावर चालतं. १९८४ पासून अमेरिकेत ‘फ्युनरल रूल’ आहे. भाव विचारायला आलेल्याच्या हातात प्रत्येक गोष्टीची वेगवेगळी किंमत लिहिलेली यादी द्यावीच लागते, आणि दहनासाठी महागडी पेटी घ्या अशी सक्ती करता येत नाही. पण कायदा यादीचं सांगतो, शोरूम कुठे असावी ते नाही. पंधरा दिवस ताणाताणी झाली. शोरूम जिथल्या तिथे राहिली, फक्त तिला दार आलं, आणि दार बंद ठेवायचं ठरलं. मी नंतर दोनदा गेले तेव्हा एकदा ते उघडं होतं. मालक वाईट नाहीत. धंदा आहे.

त्यांच्या ऑफिसातलं अजस्र टेबल मात्र मी हलवलंच. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला घरचे लोक, जसं काही होम लोन मागायला आलेत. त्याजागी चार फुटांचं गोल टेबल. सगळे एकाच बाजूला. आणि शेजारी चहा. कॉफी मशीन होतंच, पण काकूंनी ठणकावून सांगितलं, ‘सुतकात चूल पेटली नाही तरी चहा लागतो.’ किटली, आलं, मोठा थर्मास. माझ्या ड्रॉइंगवर ‘टी पॉइंट’ असं लिहिलं होतं, मालक त्याला ‘काकूज कॉर्नर’ म्हणतात.

काम संपलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०२३ च्या उन्हाळ्यात आई इथे आली. मॉल झाले, न्यूयॉर्क झालं. एका दुपारी तीच म्हणाली, ‘ते तुझं घर दाखव ना.’ मी टाळत होते. पण गेलो. त्या दिवशी कुणी नव्हतं, खोली रिकामी.

आईने बाक हाताने चाचपला. खाली टाइलकडे पाहिलं. ‘पंखा नाही?’ एसी आहे, मी म्हटलं. मग ती त्या मधल्या मोकळ्या जागेभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, सावकाश, पदर सावरत. कॅमेऱ्यापाशी थांबली. ‘यातून तिकडे दिसतं?’

‘हो. अगदी जवळून.’

‘चेहरा?’

‘चेहरा.’

ती बाकावर जाऊन बसली. मीही बसले. किती वेळ ते पाहिलं नाही. केव्हातरी मालक स्वतः दोन कप चहा घेऊन आले, काहीही न बोलता ठेवून गेले. आईने एक घोट घेतला.

‘साखर कमी आहे,’ ती म्हणाली, आणि सगळा प्यायली.